संकल्प आणि आकडा

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वसतिगृहात संकल्पांना ऊत येतो. कोणी पहाटे उठणार असतो, कोणी चहा सोडणार असतो, आणि 'इंग्रजी सुधारणार' तर जवळजवळ सगळेच असतात. संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोच हे संकल्पही संपतात. मीही त्यातलाच. प्रथम वर्षाला हाच संकल्प केला आणि इंग्रजीत जेमतेम उत्तीर्ण झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही; तेव्हा 'सुधारणे' म्हणजे नेमके काय करायचे, हे विचारणार तरी कोणाला?

उत्तर मिळाले ते आईकडून. ती गावच्या बचत गटात आहे. दर महिन्याच्या १० तारखेला १०० रुपये भरायचे, वहीत नोंद करून घ्यायची. मी एकदा म्हणालो, "एवढे तर तू घरीही साठवले असतेस." तशी ती म्हणाली, "आरं, साठवीन म्हणून कुणाचं साठतंय व्हय? तारीख अन् रक्कम ठरली, म्हणून साठलं."

पूजेच्या आरंभी गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा स्थळ, संवत्सर, तिथी, वार, नक्षत्र सारे उच्चारतात. आपण त्यांचा शब्द तेवढा घेतला. तिथी-वार सोडून दिले!

ग्रंथालयात बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र हाती लागले. या गृहस्थाने १३ सद्गुणांची यादी केली होती. वहीत आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने आखायचे, एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे आणि चूक झाली की त्या रकान्यात काळा ठिपका द्यायचा. १३ आठवड्यांची एक फेरी, वर्षाला चार फेऱ्या. मला मौज वाटली ती ही, की एवढा हिशेबी माणूस, पण व्यवस्थितपणा हा गुण काही त्याला साधला नाही, आणि ते त्याने मोकळेपणाने लिहूनही ठेवले आहे.

मीही वही आखली. रोज दहा इंग्रजी शब्द. तीन महिन्यांत ९०० झाले. आणि एके दिवशी तासाला सरांनी मला इंग्रजीतून साधा प्रश्न विचारला, तर माझ्या तोंडून एक वाक्य निघेना! वही भरली होती, जीभ तशीच राहिली होती. आकडा खरा होता, पण तो पाठांतराचा होता.

माझे काही मित्र म्हणतात की, मोजमापाने माणसाचे यंत्र होते. हे मला अर्धेच पटते. कवितेची गोडी मोजता येत नाही, कबूल. आमचा एक मित्र महिन्याला किती पुस्तके वाचली ते मोजतो आणि म्हणून नेमकी बारीक पुस्तके निवडतो, हेही खरे! परंतु म्हणून मोजणेच सोडावे, हे मला मान्य नाही. काय मोजायचे, ते मात्र पुन्हा पुन्हा तपासून पाहावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वही बदलली. आठवड्यातून एकदा वर्गात उभे राहून इंग्रजीत एक प्रश्न विचारायचा, एवढेच. हा मजकूर देईपर्यंत ११ आठवडे झाले. प्रश्न सात, कोरे रकाने चार. एकदा क्रियापदाचा काळ चुकला आणि सारा वर्ग हसला. तो प्रश्नही मी मोजला आहे.