कॅल्शियमची बाटली

परवा शनिवारी सकाळी सकाळी एका मित्राचा फोन. "अरे, टँकमधले प्रवाळ फिके पडायला लागलेत, कॅल्शियम किती टाकू?" म्हटलं, अल्कलिनिटी किती आहे? तर म्हणे ती मोजलीच नाही, पण दुकानदाराने कॅल्शियमची बाटली दिली आहे, रोज एक झाकण टाक म्हणालाय.

इथे माझं डोकं सटकतं. रोज किती खर्च होतंय हे माहीत नसताना रोज एक झाकण? हाच माणूस ऑफिसात लॉग बघितल्याशिवाय सर्व्हरला हात लावू देत नाही!

(आधी एक खुलासा. हे उद्योग मी इथे अमेरिकेत बसून करतो. भारतात रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ सालीच वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये गेले, तेव्हा तिकडच्या मित्रांनी नुसतं वाचून सोडून द्यावं.)

तर मुद्दा. प्रवाळ आपला सांगाडा बांधतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा. कॅल्शियम पाण्यातून येतं आणि कार्बोनेटही पाण्यातूनच. ते किती शिल्लक आहे याचा अंदाज अल्कलिनिटीवरून येतो. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात: २.८ डीकेएच अल्कलिनिटी गेली की सुमारे २० पीपीएम कॅल्शियम जातं. समुद्राच्या पाण्यात अल्कलिनिटी असते साधारण ७ डीकेएच आणि कॅल्शियम ४१०-४२० पीपीएम. आता गणित करा. टँक रोज ०.७ डीकेएच खात असेल तर तीन दिवसांत अल्कलिनिटी ७ वरून ४.९ वर येते. आणि कॅल्शियम? ४२० वरून ४०५. घरगुती टेस्ट किटमध्ये हा फरक चुकीत खपून जातो. म्हणजे कॅल्शियम "एकदम मस्त" दिसतंय आणि तिकडे दिवाळं वाजलंय. भरलेल्या खात्यात पैसे टाकत राहायचं आणि रिकाम्याचं पासबुक उघडायचं नाही, असला हा प्रकार.

दुसरी जमात आकडे वाढवणाऱ्यांची. "माझी अल्कलिनिटी १२, तुझी किती?" मीही त्यातलाच होतो, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं वाढवलेला निळसर अ‍ॅक्रोपोरा होता. वाढ अजून जोरात व्हावी म्हणून दोन दिवसांत ७.५ वरून ११ वर नेलं. आठवड्याभरात सगळी टोकं पांढरी, मग बुडाकडून कातडी सोलत गेली. पंधरा दिवसांत हातात उरला नुसता सांगाडा. तो अजून माझ्या टेबलावर आहे. जास्त अल्कलिनिटीत प्रवाळ भराभर वाढतो हे खरं आहे, नाकारत नाही. पण ज्या पाण्यात खायला फारसं काही नाही तिथे ते झेपत नाही, आणि एकदम उडी तर कुठेच झेपत नाही. ७.५ वर महिनोन् महिने स्थिर असलेला टँक मला ८ आणि ११ मध्ये झोके घेणाऱ्या टँकपेक्षा कधीही परवडला.

बरं, त्या बाटल्यांत असतं काय? एकीत बहुधा कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा. रँडी होम्स-फार्ले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने २००६ सालीच घरी करायची कृती लिहून ठेवली आहे. माझ्या टँकमध्ये साधारण २५० लिटर पाणी. ०.७ डीकेएच भरून काढायला रोज लागतो सव्वापाच ग्रॅम खायचा सोडा आणि साडेचार-पावणेपाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. चमचा-चमचा! (दोन्ही एकदम एका जागी ओतू नका, पांढरा ढग होऊन सगळं तळाला बसेल. मॅग्नेशियम १३००च्या आसपास नसेल तर ही कटकट आणखी वाढते.)

त्याहून सोपी आपली चुन्याची निवळी. जर्मन लोक तिला काल्कवासर म्हणतात म्हणून ती भारी वाटते, इतकंच. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही हव्या त्याच प्रमाणात मिळतात, मागे मीठ उरत नाही. माझ्या टँकमधून रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. ते भरताना त्यातली दीड लिटर निवळी असली की हिशोब बरोबर. खर्च फारच वाढला तर ती पुरत नाही, तेव्हा सोड्याकडे वळायचं.

मित्राला म्हटलं, बाटली बाजूला ठेव. तीन दिवस काहीही टाकू नकोस, रोज एकाच वेळी फक्त अल्कलिनिटी मोज आणि लिहून ठेव. ५.५ च्या खाली गेली तर आधीच फोन कर. "मोजायचा कंटाळा येतो रे," म्हणाला. काय बोलणार!

असो. निवळी करणार असाल तर खाण्याच्या प्रतीचा चुना आणा, टँकमध्ये थेंब थेंब सोडा, तीही रात्री. पीएच बाराच्या वर असतो, तेव्हा डबा पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.