पाचवी तार घ्यावी का?



जयंतीचे दिवस जवळ आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी जात पडताळणी, शिष्यवृत्ती आणि फंडाचे अडकलेले पैसे हेच विषय. या दिवसांत मात्र गायन पार्ट्या बोलू लागतात. यंदा एका माउलीने विचारले आहे: मुलगा गायन पार्टीत चार तारांची बास गिटार वाजवतो, ती चालूही आहे, पण आता त्याला पाच तारांची हवी आहे आणि त्यासाठी तो बचत गटातून कर्ज काढायला सांगतो. एका तारेसाठी एवढे पैसे घालावेत का?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात देता येणार नाही, म्हणून आजचा सगळा रकाना त्यालाच.

आधी ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या गिटारीला सहा तारा, बासला चार. त्या जाड, आणि गळा लांब. गाण्याची चाल हे वाद्य वाजवत नाही. ढोलकीची धुम जिथे पडते तिथे तिच्या पायाशी एक खर्जातला सूर ठेवून देणे हे त्याचे काम. वामनदादा कर्डकांच्या (१९२२-२००४) पिढीने खंजिरी, ढोलकी आणि पेटीवर सभा जिंकल्या, तेव्हा याची गरज भासली नाही. आता कीबोर्ड आले, ऑक्टोपॅड आले, आवाज चढला. त्या सगळ्याला खालून धरणारे कोणीतरी लागते. बासवाला एक दिवस आला नाही तर श्रोत्याला नेमके काय कमी आहे हे सांगता येत नाही, पण गाणे पोकळ वाटते.

आज दिसते ती बास गिटार पहिल्यांदा विक्रीला आणली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी, १९५१ साली. गृहस्थ मूळचे हिशेबनीस, पुढे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढलेले. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! (आमच्यासारख्या खतावणीवाल्यांना ही गोष्ट फार आवडते.) त्याआधी खर्जासाठी माणसापेक्षा उंच असा डबल बास असे. तो गाडीत मावत नसे आणि इतर वाद्यांच्या गलबल्यात ऐकूही येत नसे. फेंडर यांनी तो खर्ज गळ्यात अडकवता येईल अशा चार तारांच्या फळीवर आणला. खुंटीकडच्या पट्टीपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ठेवली चौतीस इंच. आजही बहुतेक बास त्याच मापाच्या आहेत.

मग पाचवी तार कुठून आली? गंमत अशी की, १९६५ साली फेंडरच्याच कंपनीने पाच तारांची बास काढली, पण जादा तार घातली ती बारीक, वरच्या सुरांची. ती कोणाला फारशी रुचली नाही आणि १९७० मध्ये बंद पडली. खरी पाचवी तार, म्हणजे सर्वांत जाड आणि सर्वांत खालची, आली ती १९७० च्या दशकाच्या मध्यास. पुढे ऐंशीच्या दशकात सिंथेसायझरवाले डाव्या हाताने इतके खाली जाऊ लागले की चार तारांच्या बासवाल्याला तिथे पोचताच येईना. तेव्हा पाच तारा घरोघरी झाल्या. आपल्या ऑर्केस्ट्रांतही तोच प्रकार आहे. कीबोर्डवाला खर्ज खाऊन टाकतो आणि बासवाला रुसतो.

आता खरी मेख ऐका. चार तारांच्या बासचा सर्वांत खालचा सूर आहे पांढरी तीन. त्याच्या खाली जागाच नाही. आपल्याकडे बरेचसे पुरुष गायक काळी एक, पांढरी दोन, काळी दोन या पट्ट्यांत गातात. म्हणजे त्यांचा षड्ज चार तारांवर खर्जात मिळतच नाही! तो दुसऱ्या तारेवर, एक सप्तक वर घ्यावा लागतो. पाचव्या तारेवर मात्र तिसऱ्या घरात पांढरी दोन आणि चौथ्या घरात काळी दोन अलगद सापडते. बाई गात असेल तर पट्टी बहुधा काळी चार किंवा काळी पाच. ते दोन्ही सूर चार तारांवरच खाली भरपूर मिळतात. तेव्हा मुलाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: बाबा रे, तुझ्या पार्टीत गाते कोण आणि कोणत्या पट्टीत? याचे उत्तर त्याला देता आले नाही तर पाचवी तार त्याने फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पाहिली आहे, एवढेच समजावे.

दुसरा प्रश्न भोंग्यांचा. चार तारांतली सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे एक्केचाळीस वेळा कंप पावते, पाचवी सुमारे एकतीस वेळा. मंडपवाल्याचे बरेच स्पीकर चाळीस-पन्नासच्या खाली दमतात. मग त्या तारेचा मूळ सूर निघत नाही, तिचे वरचे पोटसूर तेवढे ऐकू येतात आणि आवाज गंभीर व्हायच्या ऐवजी गढूळ होतो. ज्या पार्टीकडे खर्जाचा वेगळा मोठा डबा नाही, तिने पाचव्या तारेवर खर्च करणे म्हणजे बिनपाण्याच्या नळाला पितळी तोटी बसवणे.

तिसरी गोष्ट हाताची. पाच तारांचा गळा रुंद असतो. शिवाय जी तार वाजवत नाही ती गप्प ठेवावी लागते. जाड तार नुसत्या धक्क्यानेही घुमत राहते. उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर टेकवून ठेवायची सवय व्हायला महिने जातात. म्हणून दुकानात बसून दहा मिनिटे वाजवून निर्णय करू नये. कोणाची तरी मागून आणावी, पट्टा लावून उभ्याने तीन तासांचा एक पूर्ण कार्यक्रम करावा आणि मग खांद्याला विचारावे. चार-पाच किलोचे ओझे आहे ते. एप्रिलच्या उन्हात ट्रकवर उभे राहिल्यावर दुप्पट वाटते. पट्टा रुंद घ्या, दोन बोटांची दोरी नको.

आता कर्ज न काढता काय करता येते ते सांगतो, कारण आमच्या मते खरी बचत इथेच आहे. सर्वांत साधे म्हणजे जाड तार दोन घरे उतरवून पांढरी दोनवर लावायची. पैसा लागत नाही, फक्त त्या तारेवरची बोटे दोन घरे पुढे सरकतात. पांढरी दोन आणि काळी दोन या दोन्ही पट्ट्यांचे काम भागते. काळी एकपर्यंत उतरवाल तर तार ढिली पडून फ्रेटवर आपटू लागेल.

दुसरा उपाय थोडा कारागिरीचा. पाच तारांचा संच विकत आणायचा, त्यातली सर्वांत बारीक तार बाजूला ठेवायची आणि उरलेल्या चार जाड तारा आपल्या चार तारांच्या बासवर चढवायच्या. खालचा खर्ज मिळाला, वरची चार-पाच घरे गेली. त्या वरच्या घरांत भीमगीत वाजवताना कितीसे जावे लागते? (सोलोवाल्यांनी रागावू नये.) मात्र हे काम घरी कानशीने करू नका. खुंट्यांजवळची जी खाचांची पट्टी असते, तिला नट म्हणतात, तिच्या खाचा जाड तारेसाठी रुंद कराव्या लागतात. एकदा रुंद केल्या की जुनी बारीक तार तिथे खुळखुळते. म्हणून कारागिराकडून वेगळा नट करून घ्यावा आणि जुना कागदात गुंडाळून जपावा. तारांचा ताण बदलला की गळ्याच्या आतल्या सळईचा ताणही बदलावा लागतो. तिला ट्रस रॉड म्हणतात. शेवटी ब्रिजवरच्या घोड्या मागेपुढे करून बाराव्या घरातला सूर मोकळ्या तारेशी जुळवायचा. एवढे झाले की जुनेच वाद्य नव्याने बोलू लागते.

पुष्कळदा मुलांना वाद्य बदलावेसे वाटते ते याच कारणाने, की त्यांचे वाद्य कधी नीट लावलेलेच नसते. तारा गळ्यापासून बोटभर वर, बोटे फुटलेली, सूर बाराव्या घरात बेसूर. पावसाळ्यात लाकूड पाणी ओढते आणि गळा वाकतो. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, कारागिराला दाखवावे. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात. दसऱ्याला त्याच वाद्याला हळदकुंकू फासणारे आम्ही पाहिले आहेत. ती पूड पिकअपमध्ये जाते, वाद्य काही पावत नाही.

घुं-घुं आवाज येतो म्हणूनही पिकअप बदलायला निघतात. मंडपातल्या दिव्यांचे डिमर आणि जनरेटर यांची ती घरघर असते. दोन वेगळ्या पिकअपची बास असेल तर दोन्हींचा आवाज सारखा पूर्ण ठेवून पाहा, बऱ्याच वाद्यांत ती बरीच कमी होते. नाही झाली तर आतल्या खोबणीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थच्या तारेला जोडून घ्यावी. पिकअपचा विचार त्यानंतर. आणि अंगाला निळा रंग देऊन चक्र काढून घेणे सगळ्यांत शेवटी. निळा रंग आम्हालाही प्यारा आहे, पण रंगाऱ्याला देता तेवढ्या पैशांत तारांचा नवा संच आणि कारागिराची मजुरी दोन्ही निघतात.

जास्त तारा म्हणजे मोठा वादक, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एका माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते. अमेरिकेतल्या काळ्या बांधवांशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. त्याच समाजातले जेम्स जेमर्सन. जन्म १९३६, दक्षिण कॅरोलिना. आईबरोबर डेट्रॉइटला आले. मोटारींच्या कारखान्यांचे ते शहर. तिथे मोटाऊन या कंपनीच्या तळघरातल्या स्टुडिओत हा माणूस १९६० च्या दशकात रोज बास वाजवी. चार तारांची, १९६२ सालची फेंडर. तारा तुटेपर्यंत बदलत नसत, आणि वाजवत ते उजव्या हाताच्या फक्त एका बोटाने! जगभर ती गाणी वाजली. पण तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे छापायची कंपनीची पद्धतच नव्हती. जेमर्सन यांचे नाव तिथे आले ते १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या तबकडीवर. १९८३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते वारले. संगीतक्षेत्रातल्या मानाच्या यादीत त्यांना घेतले गेले ते २००० साली.

आपल्याकडे निराळे नव्हते. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत बास वाजवणारे टोनी वाझ किती घरांत ठाऊक आहेत? घरातल्या जुन्या भीमगीतांच्या कॅसेटी काढून पाहा. गायकाचे नाव ठळक, निर्मात्याचे त्याहून ठळक. ढोलकी कोणाची, बास कोणाची, बहुतेक ठिकाणी पत्ता नाही. जयंती मंडळांनी यंदा फ्लेक्सवर पाहुण्यांचे एक छायाचित्र कमी करावे आणि तिथे वादकांची नावे घालावीत, अशी आमची सूचना आहे. गावकीत हलगीवाल्याला मांडवाबाहेर उभे करीत. आपल्याच मंडपात वादक बिननावाचा राहू नये.

मुलींनाही हे वाद्य द्यावे. मुंबईची मोहिनी डे (जन्म १९९६) बासवर जगभर कार्यक्रम करते. हात लहान आहे म्हणून अडत नाही. तीस इंची लहान गळ्याच्याही बास मिळतात.

आणि एक गोष्ट, जी तारा चार असोत की पाच, आधी पाहायची. मंडपातल्या विजेला अर्थिंग नसेल तर हात तारेवर आणि ओठ माइकला लागताच शॉक बसू शकतो, जीवही जाऊ शकतो. ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कापून कोणी काम चालवत असेल तर त्या कार्यक्रमात आपले पोर उभे करू नका. माइक आणि ॲम्प्लिफायर एकाच अर्थच्या फलकावरून घ्यावेत, आणि तीस मिलिअँपिअरचा गळती तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय मंडळाने सही करू नये. त्याचा खर्च एका हाराच्या खर्चाहून फार मोठा नाही. पाऊस आला तर गाणे अर्धवट ठेवून खाली उतरावे.

तेव्हा माउली, तुमच्या मुलाला आमचा निरोप सांगा. आधी जुनी बास लावून घे, जाड तार पांढरी दोनवर उतरव आणि ही जयंती तशीच वाजव. त्यानंतरही गायकाच्या पट्टीसाठी अडत असेल, पार्टीकडे खर्जाचा डबा असेल आणि तीन तास उभे राहून झाले असेल, तर पाच तारांची जरूर घे. नवीच हवी असे नाही. जुनी घेताना गळ्याच्या कडेने डोळा लावून तो पिळलेला नाही ना हे पाहावे, आणि प्रत्येक तार प्रत्येक घरात वाजवून घ्यावी. पाचवी तार विशेष करून. बाकीच्या चारांसारखा तिचा सूर स्वच्छ लागत नसेल तर वाद्य कितीही देखणे असो, परत ठेवावे. आत बॅटरी असलेली घेतलीस तर कार्यक्रम संपताच वायर उपसून ठेव, नाहीतर रात्रभर बॅटरी जळते आणि दुसऱ्या दिवशी ऐन गाण्यात आवाज जातो. कर्ज काढायचेच तर बचत गटाचेच काढावे, आणि हप्ता बिदागीतून फिटेल एवढाच ठेवावा, घरखर्चातून नव्हे.

ढोलकीच्या शाईबद्दल दोन पत्रे आली आहेत. त्यांचे उत्तर पुढील अंकी.