चिखलालाही श्वास लागतो

खाडीकाठच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या भगिनींना हे सांगायला नको. ओहोटीला टोपली घेऊन तिसऱ्या काढायला उतरले की हल्ली शिंपल्याआधी हाताला पिशवी लागते.

ती तिथे अडकते कशी? तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. खाडीच्या चिखलात हवा फारशी नसते, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेते. भरतीबरोबर आलेला कचरा त्यांत चाळणीसारखा अडकतो. पाणी परतते, प्लास्टिक राहते, त्यावर गाळ बसतो.

खाली मोठा संसार असतो. खेकडे बिळे खणतात, त्यांतून हवा-पाणी आत पोहोचते. गळलेली पाने तेच कुरतडतात आणि त्याचे खत होते. किडे, गोगलगायी, निवट्या यांचेही घर तेच. वर प्लास्टिकचा पडदा पसरला की बिळांची तोंडे मिटतात, चिखल गुदमरतो. पिशवीचे उन्हापाण्याने झालेले बारीक कण पाणी गाळून जगणाऱ्या शिंपल्यांच्या पोटात जातात. आणि तिसऱ्या तर आपण पोटासकट खातो.

इंडोनेशियातील जावा बेटाच्या किनाऱ्यावर संशोधकांनी हे तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. मुळे पूर्ण झाकली गेली तिथे झाडांची पाने कमी झाली, काही झाडे मेली. अर्धी मोकळी राहिलेल्या झाडांनी मात्र मुळांची वाट बदलून तग धरला. म्हणजे सगळी खाडी साफ करता आली नाही, तरी उचललेली प्रत्येक पिशवी कामाची आहे.

उचलताना एवढे पाहा: ओहोटीला जा, वर दिसणारे हाताने काढा, खोल रुतलेले ओढू नका. त्याबरोबर मुळे तुटतात.

पण खरी सुरुवात घरातून. प्लास्टिकचे एकदा वापरायचे ग्लास, ताटे यांवर देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी दावतीनंतर गटाराच्या कडेला तीच दिसतात. पहिल्या पावसात ती खाडीत जातात. पुढच्या वलीम्याला मोहल्ल्याने मिळून स्टीलचे ग्लास घेऊन ठेवले, तर ते वर्षानुवर्षे सर्वांच्याच उपयोगी पडतील. पाहुण्यांची खातिरदारी त्याने कमी होणार नाही, आणि तिसऱ्यांची टोपली रिकामी परतणार नाही.