श्वानाचा माग व मनुष्याची अब्रू

गांवांतील एखादें मूल दिवेलागणीपर्यंत घरीं परतलें नाहीं, म्हणजे प्रथम विहिरी पाहिल्या जातात, मग नातलगांकडे निरोप जातात, आणि रात्र चढली म्हणजे पोलिसांस वर्दी दिली जाते. दुसऱ्या दिवशीं जिल्ह्याच्या ठिकाणाहून श्वानपथकाची गाडी येते. तजेलदार, शिकविलेला श्वान मुलाच्या सदऱ्याचा वास घेतो, जमिनीस नाक लावून चालूं लागतो, आणि त्याच्या मागें सारा गांव चालूं लागतो. तो नाल्यापाशीं थांबला तर लोक नाल्यांत उतरतात. पण तो एखाद्याच्या दारापाशीं थांबला तर ? मग त्या घरांतील माणसांस कांहीं विचारण्याचेंहि कारण उरत नाहीं. खटला भरण्यापूर्वींच गांवानें निकाल दिलेला असतो.

या दोन थांबण्यांत फार मोठें अंतर आहे, व तें आपण ओळखीत नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. नाल्यापाशीं थांबलेला श्वान खरा कीं चुकलेला, हें नाला शोधला म्हणजे घटकाभरांत कळतें. दारापाशीं थांबलेला श्वान खरा कीं चुकलेला, हें ठरविण्यास त्या दारांत पुष्कळदां कांहींच साधन नसतें. असते ती केवळ आपली अगोदरची समजूत.

श्वानाच्या घ्राणशक्तीविषयीं शंका घेण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. मनुष्याच्या नाकांत वास ग्रहण करणाऱ्या पेशी सुमारें ५० ते ६० लक्ष असतात. कांहीं जातींच्या श्वानांत त्या २० कोटींहून अधिक असतात. मनुष्य चालतो तेव्हां त्याच्या त्वचेचे सूक्ष्म कण अखंड गळत असतात, आणि पायांखालीं गवत चुरडतें, माती उकरते. या साऱ्यांचा मिळून जो धागा मागें राहतो तो धरून श्वान चालतो. १९९३ च्या मार्च महिन्यांतील स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ नांवाच्या श्वानानें तीन हजार किलोंहून अधिक आर. डी. एक्स. हुडकून काढलें. २००० सालीं तो वारला तेव्हां त्यास सन्मानानें निरोप देण्यांत आला, तें योग्यच झालें. परंतु जंजीर ज्या पेटीपाशीं थांबे ती पेटी उघडून पाहतां येत असे. पेटींत स्फोटक असे किंवा नसे. श्वानाच्या म्हणण्याची परीक्षा तेथल्या तेथें होऊन जाई.

दाराची गोष्ट निराळी आहे. हरवलेलें मूल आदल्या दिवशीं त्या घरीं पाणी प्यावयास गेलें असेल. तेथील मुलांबरोबर विटीदांडू खेळलें असेल. त्या घरची शेळी त्याच्या अंगास घासून गेली असेल. मूल येथें येऊन गेलें, एवढें वास सांगतो. तें कोणत्या कामासाठीं आलें होतें, आपखुशीनें आलें कीं कोणीं ओढून आणलें, हें वास सांगत नाहीं. लहान गांवांत कोणाचा वास कोणाच्या अंगणांत नसतो ?

शिवाय आपला वऱ्हाड म्हणजे कांहीं थंड हवेचा मुलूख नव्हे. दंव पडलेल्या पहाटे किंवा पावसाच्या हलक्या सरीनंतर वास जमिनीवर बराच वेळ टिकतो. अकोल्याच्या मे महिन्यांत, पारा ४५ अंशांच्या वर असतांना, भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर तो फार लवकर विरतो. वारा सुटला तर माग मूळ वाटेपासून बाजूस सरकतो. बहिरमच्या यात्रेंत, जेथें हजारों पावलें एकाच वाटेवरून गेलेलीं असतात, तेथें एका मुलाचा धागा निवडणें उत्तम श्वानासहि जड जातें. मेळघाटांतील धारणी अमरावतीपासून दीडशें किलोमीटरांच्या आसपास आहे. घाट ओलांडून गाडी पोंचेपर्यंत दिवस कलतो, आणि तोंवर शोधाच्या उत्साहांत गांवकऱ्यांनींच सारी वाट तुडविलेली असते.

पण यांहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे, व ती श्वानाच्या नाकाची नसून दोरी धरणाऱ्या हाताची आहे. बर्लिन शहरांत १९०४ च्या सुमारास हान्स नांवाचा एक घोडा फार प्रसिद्धीस आला होता. फॉन ऑस्टेन नामक त्याच्या धन्यानें विचारलेल्या बेरजा-वजाबाक्यांचीं उत्तरें तो खूर आपटून देई. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानें १९०७ सालीं त्याचें गूढ उकललें. प्रश्न विचारणाऱ्यासच उत्तर ठाऊक नसलें तर हान्सलाहि तें येत नसे ! योग्य आंकडा येतांच विचारणाऱ्याचें मस्तक नकळत किंचित् हाले, आणि घोडा थांबे. धन्याच्या मनांत लबाडी नव्हती. घोडा तर बिचारा त्याला वाचीत होता. (परीक्षेच्या वेळीं गुरुजींच्या चर्येवरून उत्तर ताडणारे विद्यार्थी आपल्याहि वर्गांत आहेतच.)

श्वान तर मनुष्यास घोड्याहून कितीतरी अधिक जाणतो. कॅलिफोर्नियांत झालेला व २०११ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतींत डोळे उघडणारा आहे. एका चर्चच्या इमारतींत १८ शिकविलेले श्वान व त्यांचे हस्तक यांस शोधासाठीं आणिलें. तेथें मादक द्रव्य किंवा स्फोटक यांपैकीं कांहींहि ठेविलेलें नव्हतें. परंतु तें असूं शकेल असें हस्तकांस सांगितलें होतें, आणि कांहीं ठिकाणीं लाल कागद लावून, खूण येथें आहे, असेंहि सुचविलें होतें. एकंदर १४४ फेऱ्या झाल्या. त्यांपैकीं अवघ्या २१ फेऱ्यांत ‘येथें कांहीं नाहीं’ हें खरें उत्तर मिळालें. बाकीच्या फेऱ्यांत नसलेल्या वस्तूची सूचना मिळाली. आतां कल्पना करा. पथकाचा शिपाई गांवांत उतरतो, चावडीवर चहा घेतो, आणि चहा संपेपर्यंत चार तोंडांतून एकाच माणसाचें नांव त्याच्या कानांवर पडतें. त्या चावडीवरील बोलणें हाच येथील लाल कागद होय.

न्यायालयांनीं ही अडचण फार पूर्वींच ओळखली आहे. रेल्वेची गाडी रुळांवरून घसरविल्याचा एक खटला आपल्याच महाराष्ट्रांतून सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, त्याचा निकाल १९६९ सालीं झाला. त्यांत माग काढणाऱ्या श्वानाच्या पुराव्याविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप नमूद आहेत. श्वान साक्षीच्या पिंजऱ्यांत येऊन शपथ घेऊं शकत नाहीं, म्हणून त्याचा हस्तक त्याच्या वतीनें सांगतो. तें सांगणें ऐकीव ठरतें. मनुष्याचें जीवित व स्वातंत्र्य जनावराच्या अनुमानावर सोंपवूं नये, हा दुसरा. आणि असल्या पुराव्याचा ऐकणाऱ्यांच्या मनावर त्याच्या खऱ्या किंमतीहून फार मोठा परिणाम होतो, हा तिसरा. इतर पुरावा पुरेसा असल्यामुळें त्या खटल्यांत श्वानाच्या पुराव्यावर विसंबण्याचें न्यायालयास कारण पडलें नाहीं. पुढें २००१ सालीं आंध्रप्रदेशांतून आलेल्या खटल्यांत, श्वान चुकेल, हस्तक चुकेल, किंवा श्वानाच्या वर्तनाचा अर्थ लावणारा चुकेल, असे धोके सर्वोच्च न्यायालयानें दाखविले. आणि २००८ सालीं आसामच्या एका खटल्यांत त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, तपासासाठीं श्वानाची मदत अवश्य घ्यावी, पण आरोपीचा अपराध शाबीत करण्यासाठीं ती पुरावा म्हणून वापरतां येणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मुक्या माणसाची साक्ष खुणांनीं किंवा लेखी घेतां येते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत ती सोय होती आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या नव्या कायद्यांतहि ती आहे. मग मुक्या श्वानाचीच काय ती अडचण ? प्रश्न चातुर्याचा आहे, पण उत्तर सोपें आहे. मुक्या माणसास उलट प्रश्न विचारतां येतो. बायबलांतील दानिएलाच्या ग्रंथाला कॅथलिक परंपरेंत सुसान्नेची कथा जोडलेली आहे, ती पुष्कळांस ठाऊक असेल. दोन प्रतिष्ठित वृद्धांनीं एका निरपराध स्त्रीवर आळ घेतला, व लोकांनीं तो खराहि मानला. दानिएलानें त्या दोघांस वेगळे करून, कोणत्या झाडाखालीं पाहिलें, एवढाच प्रश्न केला. दोघांनीं दोन झाडें सांगितलीं. सारें लबाडीचें जाळें त्या एका प्रश्नानें तुटलें. श्वानास, बाबा रे, हा वास कालचा कीं आजचा, असें कोण विचारणार ?

आपल्याकडील जुनी मागाची रीत या बाबतींत अधिक न्याय्य होती, असें वाटतें. मराठेशाहींत चोरीचा माग गांवचा रखवालदार पुढील गांवच्या शिवेपर्यंत नेऊन देई, आणि तेथून पुढें त्या गांवचा रखवालदार जबाबदार होई. त्या रीतींत जुलूम होतच नसेल असें नाहीं. पण पाऊल सर्वांच्या डोळ्यांस दिसे. ‘हें पाऊल त्याचें नव्हे, यास टांच फाटलेली आहे,’ असें कोणासहि वाकून दाखवितां येई, वाद घालतां येई. श्वानाच्या नाकापुढें आपण सारेच आंधळे. जें दिसत नाहीं त्याविषयीं वाद कसा घालावा?

आणि ज्यास खरोखर लपावयाचें असतें तो या नाकाचा बंदोबस्तहि करतो. पुण्यांतील १९७६ चें जोशी-अभ्यंकर हत्याकांड वडील मंडळींस स्मरत असेल. त्या टोळीचा पहिला बळी झालेला महाविद्यालयीन तरुण प्रारंभीं केवळ बेपत्ता म्हणूनच गणला गेला होता. पुढें श्वानांस चकविण्यासाठीं त्या मारेकऱ्यांनीं घरांत सुगंधी द्रव्य शिंपडलें. म्हणजे अपराधी आपला वास बुजवितो, आणि निरपराध मनुष्याच्या अंगणांत मात्र तो तसाच राहतो. असें असतां श्वान कोणाच्या दारीं अधिक सहज जाऊन थांबेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

वऱ्हाडांत हा विचार विशेष अगत्याचा आहे. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांत फासेपारध्यांचे बेडे आहेत. १८७१ सालच्या कायद्यानें सरकारनें ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यास आरंभ केला, त्यांवरील तो शिक्का १९५२ सालीं कायद्यानें पुसला गेला. लोकांच्या मनांतून तो पुसला गेला आहे, असें प्रामाणिकपणें कोण म्हणेल? एखादें मूल हरवलें, श्वान निघाला, आणि तो बेड्याच्या वाटेस लागला, तर सायंकाळपर्यंत त्या झोपड्यांचें काय होईल याची कल्पना करवत नाहीं. नंतर मूल मामाच्या गांवीं सुखरूप सांपडलें तरी जळलेलें छप्पर परत येत नाहीं, आणि त्या बेड्यावरून शाळेंत येणारा मुलगा पुन्हा आपल्या शेजारच्या बाकावर येऊन बसेल, याचीहि शाश्वती नाहीं.

परदेशांतहि हें घडलें आहे. पोर्तुगाल देशांत २००७ सालीं एक इंग्रज बालिका नाहींशी झाली. मृतदेहाचा व रक्ताचा वास ओळखणारे दोन श्वान इंग्लंडांतून नेण्यांत आले, व त्यांनीं आईबापांच्या बिऱ्हाडांत आणि त्यांनीं पुढें भाड्यानें घेतलेल्या मोटारींत खूण दाखविली. आईबाप संशयित ठरले. २००८ सालीं तो संशय अधिकृतपणें मागें घेण्यांत आला. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, दुसऱ्या पुराव्यानें दुजोरा मिळाल्यावांचून या खुणांस पुरावा म्हणून किंमत नाहीं, असें खुद्द त्या श्वानांच्या हस्तकानेंच लिहून ठेविलें होतें. जगानें हस्तकाचें ऐकलें नाहीं, श्वानाचें ऐकलें.

तर मग श्वानपथक बोलावूंच नये काय ? अवश्य बोलवावें, आणि आतां बोलावतों त्याहून लवकर बोलवावें. मूल हरवल्यास चोवीस तास वाट पाहण्याचें कांहीं कारण नाहीं. हरवलेल्या बालकाच्या बाबतींत गुन्हा नोंदवून तपास करावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे. पालकांनीं मुलाची उशीची खोळ किंवा अंगांतून काढलेला सदरा शक्यतों हात न लावतां स्वच्छ पिशवींत घालून ठेवावा, व तो घरांतील इतरांच्या कपड्यांत मिसळूं देऊं नये. मूल ज्या जागीं शेवटचें दिसलें तेथें गर्दी करूं नये. पोलिसांनीं शिपायास कोणावर संशय आहे हें श्वान परत फिरेपर्यंत सांगूं नये, आणि पंचनाम्यांत श्वान कोठें थांबला याबरोबरच तो कितीदां चुकला, वाट कितीदां सोडली, हेंहि लिहावें. गांवकऱ्यांस चावडीपाशींच थोपवून धरावें. श्वानाबरोबर त्याचा हस्तक व दोन पंच, एवढेच असावे. तो कोणाच्या दारापाशीं थांबलाच, तर एका पोलिसानें साध्या आवाजांत त्या घरच्यांस विचारावें, मूल काल इकडे आलें होतें काय ?