मशेरी म्हणजे दंतमंजन नव्हे

"मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," असे अनेक स्त्रिया सांगतात. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटीन तोंडातून रक्तात जाते, आतड्यांना चालना देते आणि सवय लावते. दातांना फायदा काहीच नाही. उलट हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदरपणात बाळाचे वजनही कमी भरू शकते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : मशेरी कमी करू नका, बंदच करा. पहिले काही दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल. ते हळूहळू कमी होते. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने, मऊ ब्रशने दोन मिनिटे दात घासा. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. लगेच दाखवा.