एम-सील, साबण आणि पेट्रोलची टाकी

‘जुगाड’ या शब्दाचा मला आताशा मनापासून राग येतो. पूर्वी आपल्याकडे याला ‘कसंतरी भागवणं’ म्हणत, आणि ते म्हणताना माणूस जरासा ओशाळायचा. आता कसंतरी भागवलेल्या वस्तूचा व्हिडिओ निघतो, त्याला देशभक्तीचं संगीत लागतं आणि खाली ‘भारताचं टॅलेंट’ असं लिहिलेलं असतं. परदेशातले आपलेच नातेवाईक तो व्हिडिओ आपल्याला पाठवतात. असो. आज मी भांडायलाच बसलोय, आणि भांडण पेट्रोलच्या टाकीवरून आहे.

माझा एक मामेभाऊ अकोल्याला असतो. त्याच्याकडे दोन सीटची, बिनछपराची, लांब नाकाची एक गाडी आहे. घरातली ज्येष्ठ मंडळी तिला ‘ते खेळणं’ म्हणतात. मूळ नमुना इंग्लंडची लोटस सेव्हन, कॉलिन चॅपमनने १९५७ साली काढलेली. तिकडे तयार गाडीवर खरेदीकर लागे आणि सुट्या भागांवर तो लागत नसे, म्हणून ही गाडी पेटीत भरून विकली जायची आणि घेणारा घरच्या शेडमध्ये ती जोडायचा. जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर कर लागतो, म्हणून गाडी ‘सोडवण्याच्या’ सूचना द्यायचे आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाचायचं, असा एक किस्सा सांगतात. खरा असो की खोटा, मला तो फार आवडतो. पुढे १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले, आणि तिच्या नकला जगभर झाल्या. आपल्या महाराष्ट्रातही झाल्या. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने याच धर्तीची रोडस्टर बनवली होती. फायबरची बॉडी आणि कॉन्टेसामध्ये असायचं ते इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. भावाची गाडी त्यांची नव्हे. एका छोट्या वर्कशॉपने जोडलेली, २००७ ची नोंदणी, कागद सगळे खरे. ते वर्कशॉप केव्हाच बंद पडलं. म्हणजे काही बिघडलं तर पार्ट मागायला जागा नाही.

बिघडली ती टाकी. साध्या लोखंडी पत्र्याची होती. मागच्या चाकांच्या वर, सीटच्या पाठीमागे, आणि तिच्यामागे थेट फायबरचं शेपूट. पावसाळाभर गाडी उभी, टाकी अर्धी रिकामी. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं आणि पत्रा आतून खायला लागतं. ऑक्टोबरात घरात पेट्रोलचा वास यायला लागला. खाली वाकून पाहिलं तर तळाच्या शिवणीवर घामासारखे बारीक थेंब.

आता सल्ले ऐका. आमच्याकडे सल्ल्यांचा दुष्काळ कधीच पडत नाही. एक म्हणाला, “काय होते त्याले? आंगाचा साबन घासून दे, चिखलदऱ्यापर्यंत आरामात जाते.” दुसरा म्हणाला, “एम-सील लाव, टेन्शन नोको घेऊ.” तिसरा जरा जाणकार. तो म्हणाला, “टाकी खाली कर अन् वेल्डिंग मारून घे, पाच मिनिटाचं काम हाय.” राजेहो, या तिघांत सर्वांत धोकादायक तिसरा! भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. द्रव पेट्रोल जळतं. त्याची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळली की तिचा स्फोट होतो. नुसती ‘खाली केलेल्या’ टाकीत नेमकी तीच वाफ उरते, हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहते. आणि आपल्याकडे अशा टाकीवर रोज कुठेतरी, चष्मासुद्धा न लावता, वेल्डिंगची कांडी टेकवली जाते. काही झालं नाही तर तो जुगाड. झालं तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी.

आम्ही नवी टाकी करायचं ठरवलं, आणि इथे मला अकोल्याचं कौतुक करायलाच हवं. हे डाळ मिलचं गाव. मिलला हॉपर लागतात, चाळण्या लागतात, स्टीलचं काम लागतं, त्यामुळे एमआयडीसीत उत्तम आर्गन वेल्डिंग करणारे हात आहेत. ज्यांच्याकडे गेलो ते मिस्त्री पहिल्याच वाक्यात म्हणाले, “मी हॉपर बनवतो, पेट्रोलची टाकी नाय बनवली कधी. तुमी कागदावर काढून द्या, तशी देतो.” मला हा माणूस तिथेच आवडला. ‘होऊन जाईल’ न म्हणणारा कारागीर भेटणं ही आजकाल चैन आहे.

मग चार रविवार कागदावर गेले. ३०४ चं स्टेनलेस स्टील, दीड मिलिमीटर जाडी. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण ओल्या इथेनॉलला तेही तोंड देत नाही आणि थरथरीने शिवणीवर चिरतं. फायबरची टाकी हा पर्याय तर पहिल्याच दिवशी बाद. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा जुन्या बोटींच्या फायबरच्या टाक्या आतून विरघळायला लागल्या होत्या आणि तो चिकट राळ इंजिनात जाऊन बसला होता. माप जुन्याच टाकीचं, पस्तीस लिटर. आत दोन उभे पडदे, खालचे कोपरे कापलेले. नाहीतर वळणावर पंचवीस किलो पेट्रोल एका बाजूला धावतं आणि गाडी आपल्याला विचारल्याशिवाय वळते. हवा आत-बाहेर होण्याची नळी, गाडी उलटली तर तीच नळी बंद करणारी झडप. ही झडप जुन्या टाकीला नव्हतीच. अकोल्याच्या उन्हात हवेची नळी ही काही फुटकळ गोष्ट नाही. मे २०२४ मध्ये उन्हापायी तिथे कलम १४४ लावावं लागलं होतं. त्या उन्हात बंद टाकी फुगते.

आणि एक गोष्ट, जी मला कुणीही सांगितली नाही, पुस्तकातूनच कळली. लोखंडी गाडीत टाकीचं तोंड आपोआप बॉडीला जोडलेलं असतं. फायबरच्या बॉडीत ते तोंड अधांतरी. पेट्रोल भरताना तयार होणारी स्थिर वीज जायची कुठे? म्हणून तोंडापासून चॅसीपर्यंत वेगळी वायर लागते. शंभर रुपयांचंही काम नाही. जुन्या टाकीला ती वायर नव्हती, आणि भाऊ इतकी वर्षं त्याच तोंडात पंपाचं नोझल घालत होता.

टाकी झाल्यावर थोडी हवा भरून शिवणींवर साबणाचं पाणी लावलं (साबणाचं खरं काम हे!), दोन ठिकाणी बुडबुडे आले, मिस्त्रींनी न कुरकुरता ते पुन्हा केलं. इथेनॉलला चालणारे नवे होज, नव्या क्लिपा, टाकी आणि सीट यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत. फोर्ड पिंटोची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल: मागच्या बंपर आणि अॅक्सलच्या मध्ये टाकी, मागून धक्का बसला की आग, आणि १९७८ मध्ये कंपनीला पंधरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ती तर मोठ्या कारखान्याची गाडी होती. जुनी टाकी भंगारात देण्याआधी पाण्याने काठोकाठ भरून हॅक्सॉने कापली, म्हणजे भंगारवाल्याने तिच्यावर गॅस कटर चालवू नये. एकूण खर्च साडेअकरा हजार.

आता मूळ भांडण. एवढं केल्यावर भावाचा प्रश्न साधा होता: हे काम बरोबर झालंय का, हे मला कोण तपासून देणार? त्या गाडीत त्याची लेक बसते. मी शोध घेतला. उत्तर असं की कुणीही नाही! पीयूसीवाला सायलेन्सरच्या तोंडाशी नळी धरतो, टाकीकडे बघत नाही. खासगी गाडीची तपासणी पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला होते. ती झालेली आहे, आणि त्या वेळी गाडीत ती जुनी, वायर नसलेली टाकी होती.

उलट कायदा काय म्हणतो ते पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली, नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच मापाची टाकी त्याच जागी बसवणं ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे, असं मी म्हणतो. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरला लोखंडाच्या जागी स्टील दिसलं, तर तो काय म्हणेल ते त्याच्या मनावर. एम-सील मात्र कुणाला दिसत नाही. म्हणजे आपल्याकडे चांगलं काम डोळ्यांवर येतं आणि वाईट काम रंगाखाली सुखाने झाकलं जातं. जुगाड इथे उगाच पिकत नाही; नियमच त्याला खतपाणी घालतात.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात? मुलासाठी भंगारातून छोटी चारचाकी बनवली, किक मारून सुरू होणारी, साठेक हजारांत. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, ती मला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो मिळाली. छान झालं, लोहारांना मिळायलाच हवी होती. पण देशभर टाळ्या वाजत होत्या तेव्हा एकानेही विचारलं नाही की त्यांची गाडी चांगली होती का? ब्रेक कसे होते? पेट्रोलची टाकी कुठे होती, हे मला एकाही बातमीत दिसलं नाही. जो माणूस हे करू शकतो त्याला परीक्षेला बसवणं हा मान आहे. आपण त्याला बक्षीस देऊन घरी पाठवला आणि गाडी शोभेची वस्तू झाली.

“मग काय, कुणीही उठून गाडी बनवेल आणि रस्त्यावर आणेल?” हा आक्षेप मला मान्यच आहे, म्हणून तर मी तपासणी मागतोय. ब्रिटनमध्ये १९९८ पासून घरी जोडलेल्या एकेका गाडीची सरकारी तपासणी होते. २००९ पासून तिला ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ म्हणतात. टाकी घट्ट आहे का, गळते का, पाइप कुठे घासतो का, सगळं बघतात. नापास झालात तर दुरुस्त करून परत या. अमेरिकेने २०१५ च्या कायद्यात जुन्या गाड्यांच्या नकला बनवणाऱ्या छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ गाड्यांची वाट करून दिली.

आणि आपल्याला वाटा करून देता येत नाहीत असं मुळीच नाही. २०१८ मध्ये परदेशी कंपन्यांना वर्षाला २५०० पर्यंत तयार गाड्या इथली चाचणी न करता, तिकडच्या प्रमाणपत्रावर आणायची मुभा मिळाली. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या विंटेज गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी निघाली, वीस हजार रुपये फी. डिकीत गॅसचं सिलिंडर बसवायचं तर मान्यताप्राप्त किट आहे, कागदावर नोंद आहे. आयात करणाऱ्याची, संग्राहकाची, गॅसवाल्याची सोय झाली. स्वतःच्या हाताने बनवणाऱ्याचा नंबर कधी लागणार? मी सूट मागत नाही. वीस हजारांची फी भाऊ आजच्या आज भरेल.

अमरावती ते अकोला हा रस्ता गिनीज बुकात गेला होता. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या दरम्यान ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली. मनात आणलं की आपल्याकडे काय होतं याचा पुरावाच तो. त्याच रस्त्याने भाऊ पुढच्या महिन्यात गाडी घेऊन अमरावतीला येतोय, आणि इथून आम्ही दोघे परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढणार आहोत. टाकीची चित्रं, स्टीलचं बिल, प्रत्येक शिवणीचे फोटो, हवेच्या चाचणीची तारीख, सगळं मी एका फाइलीत लावून दिलंय. शेवटच्या पानावर ‘तपासणाऱ्याची सही’ अशी रिकामी चौकट आहे. गाडीला ग्लव्ह बॉक्स नाही, म्हणून फाइल सीटखाली ठेवलीय.