चेंडू नको, मैदान द्या!

२६ जानेवारी जवळ आला, की शहरोशहरी एक ठरावीक सोहळा पार पडतो. झोपडपट्टीतील मुलांना रांगेत उभे केले जाते, प्रत्येकाच्या हाती एक चेंडू अथवा दप्तर ठेवले जाते, छायाचित्र निघते आणि दाते मोटारीत बसून निघून जातात. २७ जानेवारीला त्या चेंडूने खेळायचे कोठे, याचे उत्तर त्यांच्यापैकी कोणाकडेच नसते. वस्तीत मैदान नाही. शाळेच्या फाटकाला सायंकाळी कुलूप लागते. शेजारच्या गृहसंकुलाच्या हिरवळीवर ‘बाहेरील मुलांना प्रवेश नाही’ ही पाटी झळकत असते. चेंडू आठवडाभरात गटारात जातो. दात्यांचे समाधान मात्र वर्षभर टिकते!

याला सेवा म्हणायचे काय?

कायदा काय म्हणतो, हे आधी पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य आवश्यक ठरवले आहे. परंतु आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच आहे. म्हणजे वाडीवस्तीवरील लहान शाळेतील ज्या मुलाला शिक्षकाची सर्वाधिक गरज, तोच नेमका नियमाबाहेर! २०१८ मध्ये आलेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेने क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक शाळेस ५ हजार, उच्च प्राथमिक शाळेस १० हजार आणि माध्यमिक शाळेस २५ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरवले. प्राथमिक शाळेच्या वाट्याला दिवसाला चौदा रुपयेही येत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर हा भेदच पुसण्याची भाषा केली. भाषा स्वागतार्ह आहे. पण मैदाने भाषेने तयार होत नसतात.

मात्र शासनाच्या माथी सारे खापर फोडून समाजाला मोकळे होता येणार नाही. या महाराष्ट्राचा इतिहास तसा नाही. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, तेव्हा राज्य परकीयांचे होते. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम बांधले गेले. अमरावतीच्या याच मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक जगासमोर सादर केले. मंत्रालयाच्या आदेशाची वाट त्या पिढीने पाहिली नाही. ज्या खो-खोचा विश्वचषक २०२५ मध्ये भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी जिंकला, त्याचे मूळ समाजाने स्वतःहून उभ्या केलेल्या अशा मैदानांत आहे. आजच्या समाजाची ती वृत्ती कोठे गेली?

ती सर्वस्वी लोपलेली नाही, याचा पुरावा नागपुरात आहे. २००१ मध्ये हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांना पावसात फुटक्या बादलीला लाथाडत खेळणारी वस्तीतील मुले दिसली. बारसे यांनी मुलांना चेंडू दिला. पण देऊन ते निघून गेले नाहीत. त्यांनी संघ बांधले, स्पर्धा भरवल्या, वर्षानुवर्षे मुलांच्या सोबत राहिले. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ची चळवळ अशी उभी राहिली, २०२२ मध्ये ‘झुंड’ या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्यांपैकी किती जण आपल्या शेजारच्या वस्तीत गेले?

सुशिक्षित घरांतून एक आक्षेप हमखास येतो : ‘या मुलांना आधी पोटभर अन्न आणि दहावीचे प्रमाणपत्र हवे, खेळून काय होणार?’ हा प्रश्न करणारी मंडळी स्वतःच्या मुलाला मात्र पैसे मोजून पोहण्याच्या आणि टेनिसच्या शिकवणीला धाडतात. स्वतःच्या मुलासाठी जे व्यक्तिमत्त्व विकासाचे साधन, तेच वस्तीतील मुलासाठी चैन कसे ठरते? ज्या घरात आई-वडील दिवसभर मजुरीला असतात, तेथील मुलाची सायंकाळ पोरकी असते. ती सायंकाळ मैदानाने घेतली नाही, तर जुगाराचा अड्डा घेतो. रोज ठरल्या वेळी येणारा प्रशिक्षक त्या मुलाची अनुपस्थिती सर्वांत आधी हेरतो. खेळानंतर तासभर अभ्यासिका जोडली, की मैदानावर आलेली मुले वहीपर्यंतही पोहोचतात.

दुसरी पळवाट म्हणजे अपवादांचा गौरव. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा अविनाश साबळे २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकतो. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवते. त्यांचा अभिमान सर्वांनाच आहे. परंतु ‘जिद्द असेल तर कोणीही पुढे जातो’ असा निष्कर्ष यातून काढणे ही समाजाची आत्मवंचना होय. जिद्द असूनही मागे राहिलेल्यांची नोंद कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही. पदक हे मैदानाचे फळ आहे, हेतू नव्हे. वयात येताच जिचे खेळणे बंद होते, त्या मुलीला पुन्हा मैदानावर आणणे हे पदकाहून मोठे काम आहे.

त्यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. शाळेचे फाटक सायंकाळी दोन तास उघडे ठेवायचे; गृहसंकुलाने आठवड्यातील काही वेळ शेजारच्या मुलांसाठी राखायचा; निवृत्त क्रीडाशिक्षकाने शिट्टी पुन्हा हाती घ्यायची; महाविद्यालयीन तरुणाने अभ्यासिकेत रोज एक तास द्यायचा; मुलींसाठी स्वतंत्र वेळ आणि सोबतीला एखादी ताई असायची. यातील एकही गोष्ट समाजाच्या आवाक्याबाहेरची नाही. अवघड आहे ते फक्त रोज जाणे.

येत्या २६ जानेवारीला चेंडू वाटायचे असतील तर अवश्य वाटावेत. मात्र २७ जानेवारीला सायंकाळी पाच वाजता त्या मुलांसोबत मैदानावर कोण उभे राहणार, हे आधी ठरवावे. ते ठरत नसेल, तर छायाचित्रकाराला तरी बोलावू नये!